हायब्रिड गाडी : आता घ्यावी की थांबावे?

२२ सप्टेंबर २०२५ रोजी घटस्थापना होती आणि त्याच दिवसापासून मोटारींवरील जीएसटीचे नवे दर अमलात आले. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून करकपातीचे सूतोवाच झाले होते, ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने दर निश्चित केले, आणि मधल्या पाच आठवड्यांत गाडी घेऊ इच्छिणाऱ्या पुष्कळ घरांनी हात आखडता घेतला. ज्यांना लहान गाडी घ्यायची होती त्यांचे थांबणे सार्थकी लागले. चार मीटरच्या आतील व बाराशे सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवरचा एकूण कर २९ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. मोठ्या हायब्रिड गाडीसाठी थांबलेल्यांच्या पदरात मात्र थोडेच पडले. तिच्यावरचा कर ४३ वरून ४० टक्के झाला. करापूर्वीची किंमत १४ लाख धरली तर बचत ४२ हजारांची.

याच्या आठ वर्षे आधी नेमके उलटे घडले होते. १ जुलै २०१७ पूर्वी हायब्रिड गाड्यांवर करांचा एकत्रित भार सुमारे ३० टक्के होता. जीएसटी आला आणि २८ टक्के कर अधिक १५ टक्के उपकर मिळून तो ४३ टक्क्यांवर गेला. ‘नवी करपद्धती येऊ द्या, मग पाहू’ असे म्हणून जे त्या वेळी थांबले, त्यांचे नुकसान लाखांत मोजावे लागले.

थांबणे हा व्यापाऱ्याला परका विषय नाही. भाव चढेल म्हणून माल धरून ठेवणे म्हणजे थांबणेच. परंतु माल धरताना गोदामाचे भाडे, अडकलेल्या पैशाचे व्याज आणि वजनातली घट यांचा हिशेब तो रोज मनात मांडत असतो. गाडीच्या बाबतीत तोच मनुष्य हा हिशेब का विसरतो, हे एक कोडेच आहे. एक तर शेजाऱ्याने घेतली म्हणून गाडी घेतली जाते, नाही तर ‘पुढच्या वर्षी काहीतरी चांगले येईल’ एवढ्या भरवशावर चार वर्षे निघून जातात.

सांगलीतील एका एकत्र कुटुंबात दिवाळीनंतर हाच प्रश्न निघाला. घरची हळदीची अडत. थोरले अण्णा सांगलीची पेढी पाहतात. धाकटे तात्या पुण्यात राहून तिकडची विक्री आणि वसुली सांभाळतात. सांगलीच्या दारात २०१४ सालची डिझेल गाडी आहे. मागच्या पावसाळ्यात ती खंबाटकी घाटात रात्री साडेनऊला क्लच जाऊन बंद पडली. आत ऐंशी वर्षांच्या आई होत्या; दुसरी गाडी येईपर्यंत दोन तास गेले. तेव्हापासून वहिनींनी एकच धरून ठेवले होते, ‘आईंना पुन्हा त्या गाडीत बसवायचे नाही.’ पुण्याची गाडीही नऊ वर्षांची झालेली. अण्णांच्या मुलाने सुचवले, ‘काका, दोन्हीकडे हायब्रिड घेऊन टाकू. पेट्रोल निम्म्यावर येईल.’ अण्णांचे मत होते की दोन-तीन वर्षे थांबावे. तोवर लहान हायब्रिड येतील, विजेच्या गाड्याही स्वस्त होतील.

हिशेबाआधी एक गोंधळ दूर करावा लागतो. शोरूममध्ये ‘हायब्रिड’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू मिळतात. पहिली माइल्ड हायब्रिड. तिच्यातील छोटी मोटर इंजिन सुरू करायला आणि वेग घेताना थोडा हातभार लावायला असते. ती एकटी चाके फिरवू शकत नाही. दुसरी स्ट्राँग हायब्रिड. तिच्यात मोटर व बॅटरी इतकी सक्षम असते की कमी वेगात इंजिन बंद ठेवून गाडी विजेवर चालते, आणि ब्रेक लावताना एरवी उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती बॅटरीत परत जमा होते. बाहेरून चार्जिंग करावे लागत नाही. होंडा सिटीची हायब्रिड आवृत्ती, टोयोटाची अर्बन क्रूझर हायरायडर, मारुतीची ग्रँड विटारा या २०२२ मध्ये आल्या. इनोव्हा हायक्रॉस त्यांच्या पाठोपाठ आली. यांपैकी हायरायडर व ग्रँड विटारा या गाड्या दोन्ही प्रकारांत मिळतात, म्हणून बिलावर कोणता प्रकार लिहिला आहे ते पाहिल्याशिवाय बयाणे देऊ नये. डिकीवर लावलेल्या चकचकीत अक्षरांवर विसंबणे धोक्याचे.

स्ट्राँग हायब्रिडचा मोठा फायदा ब्रेकमध्ये आहे, हे ध्यानात घेतले की पुढचा हिशेब सोपा होतो. शहराच्या गर्दीत, जिथे शंभर पावलांवर थांबावे लागते, तिथे ती आपली किंमत वसूल करते. महामार्गावर ताशी नव्वदच्या स्थिर वेगाने जाताना ब्रेक लागत नाही, म्हणून परत जमा होण्यासारखे फारसे काही नसते. घाट उतरताना बॅटरी भरते खरी, पण ती आकाराने लहान असल्यामुळे लवकर भरते आणि उरलेला उतार वाया जातो.

एकाच गाडीच्या पेट्रोल स्वयंचलित आणि स्ट्राँग हायब्रिड अशा दोन प्रकारांत रस्त्यावरच्या किमतीचा फरक अडीच लाख धरू. पेट्रोल १०५ रुपये लिटर. कंपन्या सांगतात ते आकडे प्रयोगशाळेतले. प्रत्यक्षात हायब्रिडने शहरात व महामार्गावर लिटरला २१ किलोमीटर दिले, आणि साध्या गाडीने शहरात १३ व महामार्गावर १७ दिले, असे सावधपणे समजू. मग शहरात दर किलोमीटरमागे ३ रुपये ८ पैसे वाचतात. महामार्गावर वाचतो केवळ १ रुपया १८ पैसे.

आता ही दोन घरे पाहू. सांगलीची गाडी वर्षाला १२ हजार किलोमीटर चालते आणि त्यातले ९,६०० सोलापूर, कोल्हापूर, निपाणी, पुणे असे मोठ्या रस्त्यांवरचे. तिची वर्षाची बचत येते सुमारे १८,७०० रुपये. जादा गुंतवलेल्या अडीच लाखांवर नऊ टक्क्यांनी व्याज होते २२,५००. म्हणजे मुद्दल दूरच, व्याजही निघत नाही. तात्यांचे निराळे. मार्केट यार्डातून निघायचे, वाघोली, पिंपरी, हडपसर असे फिरून रात्री घरी यायचे. वर्षाला १८ हजार किलोमीटर, त्यांतले १५ हजार गर्दीतले. त्यांची बचत ४९,७०० च्या घरात जाते. व्याज वजा जाता २७ हजारांहून अधिक उरतात आणि व्याजासकट अडीच लाख सुमारे सात वर्षांत फिटतात. टोयोटा आपल्या हायब्रिड बॅटरीला आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर यांपैकी जे आधी होईल तोवर हमी देते. तात्यांचे आठ वर्षांचे अंतर १ लाख ४४ हजार भरते. शिवाय गाडी विकताना जादा दिलेल्या रकमेचा काही भाग परत येईल, तो वेगळा.

पेट्रोल महागले तर हा काळ कमी होईल, स्वस्त झाले तर वाढेल. प्रत्येक घराने आपले आकडे घालावेत. गाडीच्या सर्व्हिसच्या कागदांवर मीटरचे आकडे असतातच. दोन पावत्यांची वजाबाकी केली की वर्षाचे खरे अंतर हाती येते. ते बहुधा आपण समजत होतो त्याहून कमी निघते.

पैसा कोठून आणायचा, हा व्यापारी घरातला याहून नाजूक प्रश्न. नोव्हेंबरमध्ये या पेढीचे सीसी खाते बऱ्यापैकी मोकळे होते. मुलाचे म्हणणे, ‘मर्यादा पडूनच आहे, त्यातून गाडी घेऊ, निराळे कर्ज कशाला?’ हा मोह अनेक घरांना होतो आणि तो घातक आहे. सीसीची मर्यादा माल आणि येणे यांच्या जोरावर मिळते. गाडी स्टॉक स्टेटमेंटमध्ये दाखवता येत नाही. तिच्यामुळे उचल घेण्याची मुभा रुपयानेही वाढत नाही. फेब्रुवारीत नवी हळद बाजारात येऊ लागली की शेतकऱ्याची पट्टी वेळेवर चुकवावी लागते, आणि तेव्हा वीस लाख गाडीच्या रूपाने दारात उभे असतील तर सौदे हातचे जातात. हंगामात जो पैसा अनेकदा फिरतो तो दरवर्षी किंमत उतरणाऱ्या वस्तूत सात वर्षांसाठी अडकवू नये. गाडीसाठी गाडीचेच कर्ज घ्यावे, हप्त्याची मुदत पाच वर्षांपलीकडे नेऊ नये.

‘पेढीच्या नावावर घेतली की जीएसटी परत मिळतो’ हाही एक दृढ गैरसमज आहे. कुटुंबाच्या वापराच्या अशा मोटारीवरील कराची वजावट कायद्यानेच अडवलेली आहे. मोटारींची विक्री, प्रवासी वाहतूक, वाहनचालन प्रशिक्षण असे मोजके व्यवसाय सोडले तर ती मिळत नाही. घसाऱ्याचा लाभ मात्र मिळतो. मोटारीला तो घटत्या किमतीवर १५ टक्के असतो आणि आर्थिक वर्षात वापर १८० दिवसांहून कमी झाला तर त्याच्या निम्मा. केवळ विजेवर चालणाऱ्या गाडीला ४० टक्के दर आहे. हायब्रिडला तो लागू नाही. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर आणखी सावध राहावे, कारण महाराष्ट्रात कंपनीच्या नावावर नोंदवलेल्या गाडीचा वाहनकर वैयक्तिक नोंदणीपेक्षा बराच जास्त पडतो आणि घसाऱ्याने वाचलेले तेथे जाते. दहा लाखांवरच्या गाडीवर विक्रेता घेतो तो एक टक्का टीसीएस हा खर्च धरू नये. विवरणपत्रात तो जमा मिळतो.

राहिला अण्णांचा मुद्दा. थांबायचे तर कशासाठी? त्यांच्या म्हणण्यात एक तथ्य निश्चित होते. चार मीटरच्या आतील, बाराशे सीसीपर्यंतच्या पेट्रोल हायब्रिडलाही १८ टक्क्यांचाच दर आहे. आज बाजारातील स्ट्राँग हायब्रिड सगळ्या त्याहून मोठ्या, म्हणजे ४० टक्क्यांच्या. करापूर्वी दहा लाखांची लहान हायब्रिड उद्या आली तर कराचाच फरक २ लाख २० हजारांचा होईल. परंतु ती कधी येईल, याची तारीख कोणाच्या हाती नाही. सवलतींचेही तसेच. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणीकर माफ केला. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणाने माफी दिली ती निव्वळ विजेच्या गाड्यांना. उद्या आपल्याकडे काय होईल त्यावर आज पैज लावण्यात अर्थ नाही. २०२५ च्या ऑगस्टात थांबणाऱ्यांकडे निश्चित घोषणा होती आणि महिन्या-दीड महिन्याचा प्रश्न होता. अण्णांकडे यांतले काहीच नव्हते.

वहिनींनी मात्र सगळ्यांच्या नजरेतून सुटलेली गोष्ट बोलून दाखवली. ‘हायब्रिडसाठी थांबायचे असेल तर खुशाल थांबा, पण आईंच्या डॉक्टरांसाठी महिन्यातून दोनदा मिरजेला जायचे असते, ते थांबत नाही.’ हायब्रिडसाठी थांबणे आणि गाडीसाठी थांबणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे तोवर कोणी वेगळे करून पाहिलेच नव्हते. सांगलीच्या घराला हायब्रिडची गरजच नव्हती, असे आकडे सांगत होते. त्या घराला गरज होती विश्वासाच्या गाडीची, आणि १८ टक्के करातली साधी पेट्रोल गाडी ती भागवू शकत होती. अण्णांनी एका शब्दाने वाद घातला नाही. वहिनींकडून कागद घेतला आणि व्याजाची बेरीज पुन्हा एकदा तपासली.

पुण्यात तात्यांनी स्ट्राँग हायब्रिड निश्चित केली. त्याआधी त्यांनी डिकी उघडून मापली, कारण बॅटरीमुळे ग्रँड विटारासारख्या गाडीत ती सुमारे ३७३ लिटरवरून २६५ लिटरवर येते आणि नमुन्यांच्या पिशव्या नेणाऱ्याला ते जाणवते. अशा अनेक गाड्यांत बॅटरी थंड ठेवणारी हवा मागच्या सीटजवळच्या जाळीतून आत ओढली जाते. हळदीची बारीक भुकटी तिथे साचली तर बॅटरी तापते. म्हणून जाळी प्रत्येक सर्व्हिसला साफ करून घ्यायची आणि नमुने बंद डब्यात न्यायचे, असे ठरले. बॅटरीची हमी दुसऱ्या मालकाकडे जाते का, तेही त्यांनी लेखी मागून घेतले.

सांगलीच्या शोरूममध्ये आईंनाच नेले. पहिल्या गाडीची सीट फार खाली होती, उतरताना हात द्यावा लागला. दुसरीत दार पुरेसे उघडत नव्हते. तिसऱ्या गाडीत त्या कोणाच्या आधाराशिवाय बसल्या, स्वतःहून उतरल्या आणि पुन्हा एकदा बसून पाहिल्या. तिचेच बयाणे दिले.