विश्लेषण : पंख नसलेला देवदूत अमेरिकेला का भावला?

‘डॅलस’, ‘डायनेस्टी’सारख्या श्रीमंती भांडणांच्या मालिका अमेरिकेत जोरात असताना १९ सप्टेंबर १९८४ रोजी एनबीसीवर ‘हायवे टू हेवन’ सुरू झाली. नायक चक्क देवदूत. वाहिनीच्या वरिष्ठांनाच ती चालेल याची खात्री नव्हती. प्रत्यक्षात मालिका पाच पर्वे आणि १११ भाग चालली.

कथा काय?

जोनाथन स्मिथ हा १९४८ मध्ये वारलेला वकील. आता तो उमेदवारीवरचा देवदूत आहे. लोकांना मदत करून पंख कमवायचे आहेत. पहिल्या भागात तो एका वृद्धाश्रमात कामाला लागतो. तिथल्या कर्मचारी तरुणीचा भाऊ मार्क गॉर्डन हा ओकलंडचा माजी पोलीस, जगावर वैतागलेला. जोनाथनचा संशय घेऊन तो त्याच्या मागे लागतो आणि शेवटी त्याचाच सोबती होतो. पुढे दोघे मोटारीतून गावोगाव फिरतात. देवाचा उल्लेख ‘बॉस’ असा. अद्भुत शक्तीही बॉसच्या मर्जीने मिळते. त्यामुळे जोनाथनला बहुतेक वेळा माणसांशी बोलूनच काम काढावे लागते, आणि मालिकेची खरी गंमत तिथेच आहे.

यामागे कोण होते?

‘बोनान्झा’ आणि ‘लिटल हाऊस ऑन द प्रेअरी’मुळे घराघरांत पोहोचलेले मायकेल लँडन. निर्मिती, प्रमुख भूमिका आणि बहुतांश भागांचे दिग्दर्शन त्यांचेच. मार्कच्या भूमिकेतील व्हिक्टर फ्रेंच हे त्यांचे जुने सहकारी. काही भाग त्यांनीही दिग्दर्शित केले.

लँडन यांच्या एका निर्णयाची दखल मात्र वेगळी घ्यायला हवी. अपंग पात्रासाठी धडधाकट नट घेऊन त्याला चाकाच्या खुर्चीत बसवणे हा तेव्हाचा सर्रास रिवाज होता (आजही तो पूर्ण संपलेला नाही). स्कॉटी या वकिलाच्या भूमिकेसाठी त्यांनी जेम्स ट्रोश यांना घेतले. ट्रोश यांचे हातपाय खरोखरच लुळे होते. स्कॉटी एका भागापुरता कीव करण्यासाठी आला नाही. तो प्रेमात पडला, त्याचे लग्न झाले आणि तो पुन्हा पुन्हा मालिकेत येत राहिला.

टीका काय झाली?

मालिका अतिगोड आहे, प्रेक्षकांना ठरवून रडवते, असे समीक्षक म्हणत. ते चूक नव्हते. त्याहून मोठी अडचण अशी की, घरमालक, कंपनी किंवा पैशाचा प्रश्न इथे बहुधा कुणा एकाचे मन पालटले की सुटतो. प्रत्यक्षात वृद्धाश्रमाची जागा विकली जाते ती मालक दुष्ट असतो म्हणूनच असे नाही. जमिनीचा भाव वाढलेला असतो. एकटेपणा, आजारपण, वंशद्वेष अशा विषयांवरचे भाग म्हणूनच जास्त टिकाऊ वाटतात.

शेवट कसा झाला?

१५ जून १९८९ रोजी फ्रेंच फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. मालिकेचा अखेरचा भाग त्यानंतर ऑगस्टमध्ये दाखवला गेला. १ जुलै १९९१ रोजी लँडनही स्वादुपिंडाच्या कर्करोगाने गेले, वयाच्या ५४ व्या वर्षी. पण देवदूतांचा प्रेक्षक होताच: १९९४ मध्ये सीबीएसवर आलेली ‘टच्ड बाय ॲन एंजल’ नऊ पर्वे चालली. २०२१ मध्ये लाइफटाइम वाहिनीने ‘हायवे टू हेवन’ टेलिफिल्मच्या रूपात परत आणली. यावेळी देवदूत होत्या गायिका-अभिनेत्री जिल स्कॉट.