बर्फाच्या खंडावर उतरलेल्या दोघी

देवगाव फाट्याहून तुमची गटाची ताई बोलतेय.

मागच्या बैठकीत आपल्या एका ताईंनी कर्जाचा अर्ज ठेवला होता. कारण लिहिलं होतं, मुलीचं शिक्षण. मुलीला उदगीरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात शिकायचंय. वसतिगृहाचा आणि सुरुवातीचा खर्च मिळून वीस हजार हवेत. हप्त्याबद्दल कुणाची हरकत नव्हती. हरकत दुसरीच निघाली. "आपल्याकडं ना समुद्र ना खाडी, पोरीनं मासळीचं शिकून करायचं काय? आणि तेही इतक्या लांब?" अर्ज पुढच्या बैठकीवर गेला. ताई काही न बोलता उठून गेल्या. मला मात्र रात्री झोप लागली नाही. म्हणून आज बचत आणि व्याज बाजूला ठेवते. आज समुद्राचं सांगते, आणि पृथ्वीवरच्या सगळ्यात लांबच्या जागेचं.

पृथ्वीच्या अगदी खालच्या टोकाला अंटार्क्टिका नावाचा खंड आहे. भारताच्या चौपट मोठा. तिथं गाव नाही, शेत नाही, झाड नाही. जमिनीवर सरासरी दोन किलोमीटर जाडीचा बर्फ आहे. तिथल्या एका रशियन केंद्रावर २१ जुलै १९८३ रोजी उणे ८९.२ अंश तापमान मोजलं गेलं. आपल्याकडं दिवाळीनंतर थंडी पडते, तेव्हा तिथं उन्हाळा लागतो. त्या उन्हाळ्यात कित्येक दिवस सूर्य मावळतच नाही आणि हिवाळ्यात कित्येक दिवस उगवत नाही. म्हणून तिकडं जाणारी जहाजं नोव्हेंबर ते मार्च या काळातच जातात.

आता तिथं पर्यटकही जातात. बहुतेक जण अर्जेंटिना देशाच्या उशुआया या बंदरातून लहान जहाजात बसतात आणि दोन दिवस खवळलेला समुद्र पार करतात. मोठं जहाज का नाही? कारण नियमच तसा आहे. ज्या जहाजावर पाचशेपेक्षा जास्त प्रवासी, त्यातल्या कुणालाही किनाऱ्यावर उतरता येत नाही. लहान जहाजातले लोकही रबरी होड्यांतून टप्प्याटप्प्यानं उतरतात. एका ठिकाणी एका वेळी शंभरापेक्षा जास्त नाहीत. पेंग्विन पक्ष्यापासून पाच मीटर लांब राहायचं. तो चालत आला तर वाट त्याला सोडायची. दगड की पीस, काहीही उचलायचं नाही.

उतरण्याआधी बूट घासून धुतात, खिसे आणि पिशव्यांचे कोपरेसुद्धा साफ करतात. बाहेरचं एकही बी तिथं जाऊ नये म्हणून. गाजरगवत बाहेरूनच आलं आणि आपल्या बांधावर कसं ठाण मांडून बसलंय, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तिथं काय बघायला मिळतं? सील, देवमासे आणि पेंग्विन. पांढरं अस्वल मात्र तिथं नाही. ते उत्तर ध्रुवाकडं राहतं, पेंग्विन दक्षिणेकडं. दोघांची गाठ कधीच पडत नाही. पेंग्विनमध्ये सगळ्यात मोठा तो एम्परर. त्याची गोष्ट ऐकून तुम्ही हसाल. मादी एकच अंडं घालते, ते नराच्या पायांवर सोपवते आणि खायला समुद्राकडं निघून जाते. बाप कडाक्याच्या हिवाळ्यात दोन महिन्यांहून जास्त दिवस ते अंडं पायांवर घेऊन उभा. खाणं नाही की बसणं नाही. सगळे बाप एकमेकांना चिकटून दाट घोळका करतात. बाहेर गारठलेला हळूहळू आत सरकतो, आत ऊब घेतलेला बाहेर येतो. म्हणजे आपल्या गटासारखंच, प्रत्येकाची पाळी.

या बर्फात माणसं पहिल्यांदा गेली ती जिवावर उदार होऊन. नॉर्वेचा अमुंडसेन १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुवावर पोचला. इंग्लंडचा स्कॉट जानेवारी १९१२ मध्ये पोचला, तेव्हा तिथं नॉर्वेचा झेंडा आधीच फडकत होता. परतीच्या वाटेवर स्कॉट आणि त्याचे चारही सोबती मेले. वाटेत पुरून ठेवलेल्या डब्यांतलं रॉकेल झिरपून कमी झालं होतं, हेही त्यांना नडलं.

दुसरी गोष्ट शॅकल्टनची. त्याचं जहाज १९१५ मध्ये बर्फात अडकून चिरडलं गेलं. माणसं बर्फावर आणि मग एका ओसाड बेटावर राहिली. शॅकल्टन पाच जणांना घेऊन उघड्या होडीतून सुमारे तेराशे किलोमीटर गेला आणि मदत घेऊन परत आला. त्या जहाजावरचे अठ्ठावीसच्या अठ्ठावीस जण जिवंत घरी गेले. तो दक्षिण जॉर्जिया बेटावर पुरलेला आहे. लहान जहाजं तिथं थांबतात आणि प्रवासी त्याची कबर बघतात.

पण या सगळ्या गोष्टींत बाई कुठं आहे? शॅकल्टनच्या त्याच मोहिमेआधी इंग्लंडमधल्या तीन मुलींनी त्याला पत्र लिहिलं होतं. आम्ही धडधाकट आहोत, आम्हालाही घ्या. त्यानं कळवलं, बायकांसाठी जागा नाही. पुढं कित्येक वर्षं हेच चाललं. कारणं तीच, आपल्या ओळखीची. थंडी सोसणार नाही. राहायची सोय नाही. पुरुषांत एकटी कशी राहील? अमेरिकेनं आपल्या मोहिमेत बायकांना १९६९ मध्ये जाऊ दिलं. त्या वर्षी ११ नोव्हेंबरला सहा बायका दक्षिण ध्रुवावर उतरल्या. पहिली कोण हा वाद नको म्हणून सहाही जणींनी हातात हात घालून एकदमच पाऊल टाकलं.

आता आपल्या देशाचं सांगते. भारताची पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली. डॉ. कासिम यांच्यासह एकवीस जण ९ जानेवारी १९८२ रोजी तिथं पोचले. सगळे पुरुष. तिसरी मोहीम डिसेंबर १९८३ मध्ये गोव्याहूनच निघाली, डॉ. हर्ष गुप्ता यांच्या नेतृत्वाखाली. या वेळी जहाजावर दोन बायका होत्या. एक डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता, कोलकात्याच्या, खडकांचा अभ्यास करणाऱ्या. दुसऱ्या डॉ. अदिती पंत, नागपुरात जन्मलेल्या, पुण्यात शिकलेल्या, समुद्राचा अभ्यास करणाऱ्या. भारताच्या मोहिमेतून अंटार्क्टिकावर पोचलेल्या या पहिल्या स्त्रिया. याच मोहिमेत भारताचं पहिलं केंद्र, दक्षिण गंगोत्री, उभं राहिलं.

अदिती पंतांनी तिथं काय केलं? समुद्राचं पाणी तपासलं. पाण्यातल्या सूक्ष्म जिवांपासून मोठ्या प्राण्यांपर्यंत कोण काय खाऊन जगतं, याचा अभ्यास केला. त्या समुद्रात क्रिल नावाचा बोटाएवढा जीव असतो, आपण बाजारातून सुकट आणतो तसाच दिसतो. पेंग्विन क्रिल खातो, सील खातो, आणि जगातला सगळ्यात मोठा प्राणी निळा देवमासा, तोही यावरच जगतो. क्रिलची पिल्लं बर्फाच्या खालच्या अंगाला वाढणारं शेवाळ खाऊन हिवाळा काढतात. म्हणून समुद्रावरचा बर्फ घटला की क्रिल घटतो, आणि क्रिल घटला की वरचे सगळेच उपाशी. घरात दळण संपलं की कुणाकुणाचं ताट रिकामं राहतं, ते आपल्याला माहीत आहे. तसंच हे.

मैत्रिणींनो, एक गोष्ट लपवत नाही. अदिती पंतांच्या घरात शिक्षण होतं. वडील अप्पासाहेब पंत औंधच्या राजघराण्यातले, परदेशात भारताचे राजदूत. आई डॉक्टर. त्या शिकायला अमेरिकेत आणि लंडनला गेल्या. आपल्या पोरींना असं घर नाही. पण त्यांच्या मागं घर उभं राहिलं, तसं आपल्या पोरीमागं कुणी उभं राहायचं? माझ्या मते त्याचसाठी गट आहे.

आणखी एक नाव सांगते. मंगला मणी. तेव्हा इस्रोच्या हैदराबादच्या शास्त्रज्ञ होत्या. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी त्या अंटार्क्टिकावरच्या भारती केंद्रात गेल्या आणि ४०३ दिवस राहिल्या. तेवीस जणांच्या तुकडीत त्या एकट्याच बाई. त्याआधी त्यांनी आयुष्यात बर्फ पडताना बघितला नव्हता. त्याच भारती केंद्रात २०२४ मध्ये टपाल कार्यालय उघडलं, ते आपल्या महाराष्ट्र टपाल विभागाकडून.

आता परत आपल्या बैठकीकडं येते. मासळीचं शिकून काय करायचं, हा प्रश्न चुकीचा नाही. वीस हजार गटाचे आहेत, विचारलंच पाहिजे. पण उत्तर आपल्या जवळच आहे. येलदरीचं धरण, निम्न दुधनाचं धरण, शिवारातली शेततळी, यांत मासे वाढतात. बीज कोणतं सोडायचं, पाण्यात प्राणवायू किती, मासळी का मरते, हे शिकलेली मुलगी आपल्याच तालुक्याला लागणार आहे. समुद्र नसला तरी पाणी आपल्याकडं आहे.

आणि लांबचं म्हणाल तर, फाट्यावरून गाडी धरली की परभणी, आणि तिथून पुढं उदगीर. संध्याकाळी मुलगी फोन करून सांगू शकते, जेवले म्हणून. डिसेंबरात निघालेल्या त्या दोघी मार्चअखेरीस घरी आल्या.

बायकांसाठी जागा नाही, हे त्या तीन मुलींना शॅकल्टननं लिहून कळवलं होतं. आपल्या पोरींना ते कुणी लिहून कळवत नाही. आपणच बैठकीत विषय पुढं ढकलतो आणि प्रवेशाची तारीख निघून जाते.

पुढची बैठक महिन्याच्या पाच तारखेला आहे. अर्ज पहिल्या क्रमांकावर घेतलाय. त्या ताईंना सोबत घेऊन या, आणि मुलीलाही आणा. प्रश्न तिलाच विचारू. निर्णय गटाचा, पण माझा हात वर असेल, हे आजच सांगून ठेवते.

भेटू बैठकीत. नमस्कार.