आजी, तुम्हाला काय करायचंय?

मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० साली कमलाबाई निंबकरांनी व्यवसायोपचाराची (ऑक्युपेशनल थेरपीची) शाळा काढली; आशियातली ती पहिली. कमलाबाई मूळच्या अमेरिकेतल्या एलिझाबेथ लुंडी, लग्नानंतर निंबकर झालेल्या. दोनच वर्षांत या व्यवसायाचा जागतिक महासंघ उभा राहिला आणि त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता.

सुरुवात दमदार झाली, पण रुग्णाने काय करायचं हे पुष्कळ काळ थेरपिस्टच ठरवत. १९६५ साली बार्थेल निर्देशांक आला: जेवण, आंघोळ, कपडे, जिना अशा दहा बाबी, एकूण शंभर गुण. त्यात मांडी घालून बसणं नव्हतं आणि भाकरी थापणंही नव्हतं. वळण आलं ते कॅनडात. १९९१ मध्ये तिथल्या थेरपिस्टांनी एक मोजपट्टी आणली. कोणतं काम महत्त्वाचं हे तिच्यात ज्याचं त्यानेच सांगायचं. ते किती जमतं, किती समाधान वाटतं याचे दहापैकी गुणही त्यानेच द्यायचे.

ही पद्धत सुरतजवळच्या सचिनमध्ये आणून पाहा. भुसावळच्या गाडीने खानदेशातली कितीतरी माणसं सुरतेच्या कारखान्यांत आली. मागून म्हातारे आईवडीलही. समजा, अर्धांगवायूने एका आजींचा डावा हात अधू झालाय. थेरपिस्ट विचारते, “आजी, काय जमायला हवंय?” उत्तर मुलगाच देतो, “आई हिंडू-फिरू लागली म्हणजे झालं.” आजींना मात्र कळण्याची भाकरी करायचीय. मग परात सरकू नये म्हणून खाली ओला फडका येतो, डावा हात काठावर टेकूला राहतो, खाली बसण्याऐवजी ओट्याशी उंच स्टूल येतं. पीठ किती मळायचं ते आजी सांगणार, तोल कसा सांभाळायचा ते थेरपिस्ट.

२०१७ पासून वयोश्री योजनेतून दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना काठ्या, श्रवणयंत्रं, कवळ्या मिळू लागल्या. २०२१ च्या कायद्याने व्यवसायोपचाराला देशपातळीवर कायद्याची चौकट दिली. पण एका खोलीच्या घरात वॉकर फिरवायला जागा आहे का, हे कुणी विचारलंच नाही, तर तो माळ्यावरच जायचा.

सात दशकांत शिक्षण आलं, साधनं आली, कायदाही आला. उरलंय ते बिनपैशाचं काम: लेकाला दोन मिनिटं गप्प बसवायचं आणि म्हातारीला बोलू द्यायचं.