नेढं मोठं, टोक बोथट

क्रॉस स्टिचची सुई पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला ती बिघडलेलीच वाटते. टोक बोचत नाही आणि नेढं नको तेवढं लांबट. पण फुलीच्या टाक्यात सुईने कापड टोचायचं नसतं, विणीतल्या तयार भोकातून नुसतं पलीकडे जायचं असतं. टोकदार सुई जरा चुकली की कापडाच्या किंवा शेजारच्या टाक्याच्या धाग्यात घुसते, आणि मग उसवणं आलं. म्हणून या कामाला बोथट टोकाची टॅपेस्ट्री नीडल वापरतात.

१४ काउंटच्या आयडा कापडावर, म्हणजे इंचाला १४ घरं असलेल्या कापडावर, शंभर बाय शंभर फुल्यांचं चित्र जेमतेम सव्वासात इंचांचं होतं. पण त्यात १०,००० फुल्या असतात आणि एका फुलीला सुई चार वेळा कापडातून जाते. ४०,००० फेऱ्या! किंचित अडखळणारी सुई एवढ्या फेऱ्यांत बोटांना चांगलीच जाणवते. खास सुयांचा बाजार याच त्रासावर उभा आहे.

या सुयांचा नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक. साधारणपणे ११ काउंटला २२ नंबर, १४ ला २४, १८ ला २६ आणि त्याहून बारीक विणीला २८. नंबर बरोबर आहे की नाही हे कापडच सांगतं. सुई भोकात सोडली तर ती आपल्या वजनाने खाली पडू नये आणि ढकलायला जोरही लागू नये. जाडसर नेढ्याचा भाग भोक क्षणभर रुंद करतो आणि मागून दोन पदरी दोरा न घासता निघून येतो. सुई फार बारीक असेल तर दोरा घासून पिंजारतो, फार जाड असेल तर भोकं उघडीच राहतात. घरोघरच्या जुन्या मॅटी कापडावर भोकं आयडाइतकी ठळक नसतात, तिथे तर ही पारख जास्तच लागते.

आता सोन्याचं. साध्या सुईवर निकेलचा थर असतो. घामाने तो काळवंडतो, आणि काहींच्या त्वचेला निकेल सोसत नाही, बोटं खाजतात. अशांना सोन्याचा मुलामा दिलेली सुई खरोखरच उपयोगी पडते. अर्थात मुलामा तो मुलामाच, वापराने झिजतो. जपानच्या क्लोव्हर कंपनीने नेढ्यालाच सोनेरी मुलामा दिलेल्या सुया काढल्या आहेत, दोरा सहज ओवला जावा म्हणून. कोकणातल्या पावसाळ्यात मात्र कुठलीही सुई कापडात टोचून आठवडाभर ठेवू नये, गंजाचा डाग पडला की तो सहजी निघत नाही.

सुयांचं जुनं माहेरघर म्हणजे इंग्लंडमधलं रेडिच. तिथल्या फोर्ज मिलमध्ये पाणचक्कीच्या जोरावर सुया घासून चकचकीत करत, आज तिथे सुयांचं संग्रहालय आहे. जवळच्याच स्टडलीच्या कंपनीची उपकंपनी म्हणून १९४९ साली नीडल इंडस्ट्रीज भारतात आली. तिचा कारखाना निलगिरीतल्या केट्टीला. पुढे भागधारकांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८१ चा तो निकाल सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी लिहिला, त्यामुळे कधी टाका न घातलेले वकीलही या सुईवाल्या कंपनीचं नाव जाणतात.

खास सुयांपैकी वापरून पाहण्याजोगे खरे दोन प्रकार फ्रेमवर काम करणाऱ्यांसाठी आहेत. कापड ताणून बसवलं की खालचा हात आंधळा होतो, भोक चाचपडत शोधावं लागतं. बॉल टिप सुईच्या टोकाला बारीकशी गोळी असते. ती कापडाच्या पाठीवरून सरकत येते आणि भोकात अडकते, की सुई वर ढकलायची. दुसरी सुई दुतोंडी: दोन्हीकडे टोकं, नेढं मध्यावर. वरच्या हाताने खाली द्यायची, खालच्याने न उलटवता तशीच वर पाठवायची. फिरवण्याचा वेळ वाचतो. पण कापड हातात धरून काम करणाऱ्याला हिचा काडीचा उपयोग नाही, उलट मागचं टोक नको तिथे अडतं.

नेढ्याच्या माथ्याला खाच असलेली, दोरा वरून दाबून बसवायची सुई दृष्टी अधू झालेल्यांना मोहात पाडते. शिवणाच्या पीळदार दोऱ्याला ती ठीक. भरतकामाचा सैल पिळाचा दोरा मात्र त्या खाचेत पिंजारतो. त्यापेक्षा दोरा ओवायची तारेची पट्टी बरी आणि स्वस्त.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी २२, २४ आणि २६ नंबरच्या साध्या सुया घ्याव्यात, कापडाच्या एका तुकड्यावर तिन्हींनी एकेक ओळ घालून पाहावी आणि जी हाताला बसेल तिचंच पाकीट आणावं. बॉल टिप आणि दुतोंडी सुईवर फ्रेम घेतल्यानंतरच पैसे घालावेत.