आपल्या उंबऱ्याचा आकडा

पावसाळ्यात कोल्हापुरात दोघे भेटले की पहिला प्रश्न ठरलेला, ‘पाणी किती फुटांवर?’ हे फूट कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावरचे. तिथे पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर धोका. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१च्या जुलैमध्ये तिने ५५ फूटही ओलांडले.

पण ४३ हा नदीचा आकडा झाला, आपल्या घराचा नव्हे. प्रयाग चिखली, आंबेवाडी पाण्यात असतात तेव्हा शहरातल्या उंच पेठांमध्ये पायही ओले होत नाहीत. म्हणून गेल्या पुरात आपल्या उंबऱ्याला पाणी लागले तेव्हा बंधाऱ्यावर किती फूट होते, हे शोधून घरात ठळक लिहून ठेवावे. त्याच्या दोन-तीन फूट अलीकडचा आकडा हा घर सोडण्याचा. जनावरे त्याआधीच हलवायची. गळाभर पाण्यातून म्हैस काढणे सोपे नसते. सातबारा, रेशनकार्ड, बँकेची पुस्तके, रोजची औषधे एका प्लास्टिकच्या पिशवीत. निघताना वीज आणि गॅस बंद.

‘पाऊस उघडला, आता उतरेल’ हा हिशेबही फसवा. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णाच तुडुंब असली तर पंचगंगेला वाट मिळत नाही आणि पाण्याची फूग मागे चढत जाते. वर ऊन पडलेले आणि घरात पाणी तसेच, असे दिवस शिरोळ तालुक्याने पाहिले आहेत.

पाणी ओसरल्यावर घाई नडते. मातीच्या भिंती भिजून कमकुवत झालेल्या असतात. त्या पाणी उतरल्यावरही कोसळतात. आत जाण्याआधी भिंत बाहेरून बघावी. काठीने चाचपल्याशिवाय सामानात हात घालू नये, अडगळीत साप असतो. वायरमनने तपासल्याशिवाय मेन स्विच चालू करू नये. गाळ काढण्याआधी फोटो घ्यावेत, पंचनाम्याला ते लागतात. विहिरीत टीसीएल (ब्लिचिंग) पावडर टाकून घ्यावी, पाणी उकळूनच प्यावे. चिखलात गमबूट घालावेत आणि नंतर ताप आला तर लेप्टोस्पायरोसिसची शंका धरून लगेच दवाखाना गाठावा.

यंदा ‘पाणी किती फुटांवर?’ असे विचारण्याची वेळ येण्याआधी एक काम करा. गल्लीतल्या एखाद्या जुन्या माणसाला गाठा आणि आपल्या उंबऱ्याचा आकडा विचारून घ्या.