हप्त्याचा दिवस

सकाळी साडेसात. शटर वर करायच्या आधीच पायरीवर चार म्हातारी माणसं बसलेली. पीएम किसानचा हप्ता सुटला की मराठवाड्यातल्या आमच्या गावात माझ्या सेवा केंद्रापुढे असंच दिसतं. केंद्र सरकारचे शेतकऱ्याला दर चार महिन्यांनी 2000 रुपये, म्हणजे वर्षाला 6000. 2023 पासून राज्याची नमो शेतकरी योजना आणखी तेवढेच देते. शहरात ही रक्कम किरकोळ वाटेल. इथे नोव्हेंबरात एवढ्यात गव्हाला डीएपीची गोणी येते, उरलेल्यात किराणा.

नऊ. एक काका जिल्हा बँकेचं पासबुक आपटत आले. ‘‘माझे पैसे खाल्ले कुणीतरी!’’ खाल्ले नव्हते. हातात पासबुक कुठलंही असो, आधार ज्या खात्याला शेवटचं जोडलं तिथे रक्कम पडते. त्यांनी मागे पोस्टात खातं काढलं होतं. स्क्रीनवर पोस्टाचं नाव दाखवलं तेव्हा कुठे खुर्चीत टेकले.

अकराच्या सुमाराला वरच्या आळीच्या काकू आल्या, कापूस वेचायचा सोडून. नवरा गेल्यावर त्याचा हप्ता थांबला. वारसाचा फेरफार मंजूर होऊन सातबारावर यांचं नाव आता लागलं. 1 फेब्रुवारी 2019 नंतर नावावर आलेली जमीन या योजनेत धरत नाहीत, वारसाने आलेली मात्र धरतात. म्हणून मृत्यूचा दाखला लागतो. कॅरीबॅगेतून त्यांनी तो काढला, घडीवर विरलेला. फार्मर आयडी होता. आधारवर नावापुढे ‘बाई’, सातबारावर नाही. ते जुळवण्यात अर्धा तास गेला.

मग अंगठा. मशीन घेईना. बोंडांच्या काट्यांनी बोटं चिरलेली, खुरप्याने रेषा झिजलेल्या. हात धुवून आणले, पुसले, दहाही बोटं लावली. ‘‘लेकरा, ही बोटं माझी न्हाईत का रं?’’ मला बोलवेना. शेवटी मोबाईलवर चेहऱ्याने केवायसी करायचं ठरवलं. फोन समोर धरला तशा त्या फोटोला बसावं तशा ताठ झाल्या, पदर डोक्यावरून नीट घेतला. पापण्या मिचकवा म्हटलं तर डोळे घट्ट मिटूनच बसल्या. तिसऱ्या खेपेला जमलं.

दीडला लाईट गेली. तीनला आली.

त्यानंतर पैसे काढून देणं चाललं. एका आजोबांनी पाचशेच्या चार नोटा दोनदा मोजल्या आणि बंडीच्या आतल्या खिशात घातल्या.

सहाला बटाईने शेती करणारा एक जण आला. पंधरा वर्षं दुसऱ्याचं रान कसतो. पेरणी, फवारणी, राखण सगळं त्याचं. सातबारावर नाव मालकाचं, हप्ताही मालकाला. दर खेपेला तो विचारतो, ‘‘आमच्यासाठी काही निघालं का?’’ दर खेपेला मी नाही म्हणतो. हा नियम मला पटत नाही, कधीच पटला नाही. पाऊस दगा देतो तेव्हा झळ कसणाऱ्यालाही बसते.

आठला शटर ओढताना काकूंचा फोन.

‘‘आलं का रं काही?’’

‘‘अर्ज गेलाय काकू. आधी तालुक्याहून, मग जिल्ह्याहून मंजुरी येईल.’’

‘‘मंग गव्हाचं खत उधारीवरच आणू?’’

‘‘आणा. मी सोमवारी तालुक्याला चाललोय, तुमच्या अर्जाचं विचारून येतो.’’

त्यांचा अर्ज क्रमांक कॅलेंडरवर सोमवारच्या चौकोनात लिहिला आणि कुलूप लावलं.