मासा कुणाच्या खात्यात?

नांदेड-लातूरला आपला मासा गोदावरीचा, नाहीतर धरणातला. तरी प्रश्न कसा मांडायचा हे शिकायला समुद्रातलं हे भांडण कामाचं आहे.

ब्रिटन ३१ जानेवारी २०२० ला युरोपीय संघातून बाहेर पडलं. संघात माशांचे वाटे १९८३ पासून ठरलेले, मुख्यतः १९७३-७८ मध्ये कुणी किती पकडलं यावरून. ब्रिटन म्हणालं, मासा आमच्या पाण्यात राहतो, तेव्हा वाटा पाण्यावरून ठरवा. शेवटी संघाच्या बोटींचा ब्रिटिश पाण्यातला वाटा, किमतीच्या हिशेबाने, २०२६ पर्यंत टप्प्याटप्प्याने २५ टक्के कमी करायचं ठरलं.

आता मालवणला या. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, मासेमारीचा कायदा राज्याचा, पुढे केंद्राचा. कर्नाटकातले ट्रॉलर आपल्या हद्दीत घुसतात ही तिथल्या मच्छीमारांची जुनी तक्रार. इथे देशादेशांसारखे वाटे नाहीत, परवाने आहेत. आणि (हे नीट वाचा) कोचीची सीएमएफआरआय ही संस्था मासळीचे अंदाज काढते ते बंदरावर उतरलेल्या मालावरून. मालवणसमोर पकडलेला बांगडा मलपे बंदरात उतरला, की तो कर्नाटकच्या खात्यात! मग सिनॉप्सिसमध्ये ‘सिंधुदुर्गात मासा घटला’ असं लिहिताना तुम्ही नक्की काय मोजलंय?